मंडई, मातामाय आणि दुर्खिम

दिवाळीची सुट्टी संपते, महाविद्यालयं उघडतात, पण भंडारा जिल्ह्यातले वर्ग काही लगेच भरत नाहीत. भाऊबीजेपासून गावोगावी मंडया सुरू झालेल्या असतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची, परवा मामाच्या गावची. दिवसा दंडार, खडी गंमत, ढाल घेऊन नाचणारे गोवारी आणि मिठाईची दुकानं. रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाट होईपर्यंत. नांदायला गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात, सोयरिकीची बोलणी इथंच निघतात. हलका धान घरात आलेला, भारी धान अजून बांधीत उभा. वर्षभर रोवणा, निंदण, कापणी यांत विखुरलेलं गाव या काही दिवसांत एका जागी गोळा होतं आणि स्वतःकडे पाहतं.

मग एखाद्या सकाळी बी.ए.च्या समाजशास्त्राच्या वर्गात फळ्यावर एक नाव लिहिलं जातं: एमिल दुर्खिम. त्याचं धर्मावरचं मोठं पुस्तक १९१२ साली पॅरिसमध्ये निघालं. त्यात मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुळांचं वर्णन आहे. ही माणसं वर्षाचा बराच काळ लहान लहान टोळ्यांनी शिकार करत, कंदमुळं गोळा करत फिरतात. ठरलेल्या वेळी सगळी एकत्र येतात. रात्रभर जाळ पेटतात, नाच होतो, गाणी होतात. प्रत्येकाला आपल्या अंगात आपल्याहून मोठं काहीतरी संचारल्यासारखं वाटतं. ती शक्ती येते कुठून? समोर कुळाचं चिन्ह असतं, एखादा प्राणी किंवा एखादं झाड. माणसं ती शक्ती त्या चिन्हाला वाहतात. दुर्खिम म्हणतो, ती खरं तर त्यांच्या एकत्र येण्यातूनच उपजलेली असते.

बाकावर बसलेल्या मुलामुलींना ऑस्ट्रेलियाची कल्पना करावी लागत नाही. चार दिवसांपूर्वी ती तशाच गर्दीत होती.

इथून एक प्रश्न सुरू होतो. तो परीक्षेत पंधरा गुणांसाठी विचारला जातो, पण पेपर झाला तरी डोक्यातून जात नाही. गावाबाहेर कडुनिंबाखाली शेंदूर लावलेली मातामाय आहे. आजीने तिच्यापुढे नारळ फोडला, आईने नवस बोलला, पोरीला ताप आला तेव्हा तिथलाच अंगारा लावला. त्या दगडातली शक्ती गावानेच तिथं ठेवली असेल, तर हात जोडायचे ते कोणाला? आणि हे कळल्यावर ते पूर्वीसारखे जोडले जातील का?

भंडारा, लाखनी, साकोली, तुमसर, पवनी, लाखांदूर इथली महाविद्यालयं मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांसारखी नाहीत. कला शाखेचा वर्ग लहान असतो. सकाळच्या एस.टी.ने किंवा सायकलने मुलं येतात. इंग्रजी आणि मराठी आवश्यक, त्यांच्या जोडीला तीन ऐच्छिक विषय अशी बी.ए.ची रचना अनेक वर्षं चालत आली. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी वाङ्मय यांच्याबरोबर बरेच जण समाजशास्त्र घेतात. कोणी गट जुळतो म्हणून, कोणी स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून, कोणी मोठ्या बहिणीची पुस्तकं घरात आहेत म्हणून. आवड बहुधा नंतर लागते, कारण या विषयाचं साहित्य बाहेरून आणावं लागत नाही. एका वर्गात कुणबी, तेली, पोवार, कोहळी, ढिवर, गोंड, हलबा, गोवारी, बौद्ध अशा सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. जातिव्यवस्थेचा धडा शिकवताना शिक्षकाला समोरच्या चेहऱ्यांचं भान ठेवूनच प्रत्येक वाक्य बोलावं लागतं. महानगरातल्या वर्गात जे आकडेवारीतून समजावं लागतं, ते इथं शेजारच्या बाकावर बसलेलं असतं.

या मुलांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव येतं, तेही या प्रश्नाशी जोडलेलं आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं आणि २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. १९०९ साली जन्मलेला, खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरलेला हा संत १९६८ साली गेला. जाताना मागे 'ग्रामगीता' आणि सामुदायिक प्रार्थनेची प्रथा ठेवून गेला. एकट्याने देवघरात बसण्यापेक्षा सगळ्या गावाने, सगळ्या जातिधर्मांच्या माणसांनी, एका वेळी एका ठिकाणी बसून प्रार्थना करावी असा त्यांचा आग्रह होता. गाव हाच त्यांचा देव होता. म्हणजे दुर्खिमने आयुष्यभराच्या अभ्यासानंतर जो विचार मांडला, त्याच्या जवळपासचं काहीतरी वऱ्हाडातला एक भजनकरी चौकात उभा राहून सांगत होता. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की दुर्खिम जे घडतं ते सांगत होता आणि तुकडोजी महाराज जे घडावं ते सांगत होते.

दुर्खिमला हा विचार सुचला तो श्रद्धेचं घर सोडल्यानंतर. १८५८ साली फ्रान्समधल्या एपिनाल गावी त्याचा जन्म झाला. वडील यहुदी धर्मगुरू, आजोबा धर्मगुरू, पणजोबाही. मुलानेही तीच गादी चालवावी अशी घरची अपेक्षा होती. तो त्या वाटेने गेला नाही. पण देव नाकारून तो धर्माची टिंगल करत बसला नाही. त्याने उलट असं मांडलं की कोणताही धर्म निव्वळ खोटा नसतो. हजारो वर्षं, कोट्यवधी माणसं ज्याच्या आधारावर जगली, ते सगळं भ्रमावर उभं राहूच शकत नाही. धर्मामागे एक खरी शक्ती असते. भक्त फक्त तिचं नाव चुकीचं सांगतो. ती शक्ती म्हणजे समाज.

मराठी वाचकाला यातली टोटेमची, म्हणजे कुळाच्या चिन्हाची, कल्पना परकी नाही, तिच्यासाठी आपल्याकडे शब्दच आहे: देवक. लग्नाआधी घरात देवक बसवतात. कुणाचं कळंब, कुणाची पंचपालवी, कुणाचं मोराचं पीस. एकाच देवकाच्या घरांत सोयरीक करायची नाही, ही जुनी रीत. गोंडांमध्ये हीच गोष्ट अधिक नेटकी आहे. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गट असतात. देवांची संख्या सारखी असलेले एकमेकांचे भाऊ, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. शिवाय कुळाकुळाने आपापलं झाड आणि प्राणी जपायचा. देव कोणते, हे विचारलं की भाऊ कोण आणि सोयरा कोण हे आपोआप कळतं. वर्गातल्या गोंड मुलाला दुर्खिमचा सिद्धांत पाठ करावा लागत नाही, त्याला तो घरात मिळालेला असतो.

पण घरात तो सिद्धांत म्हणून मिळालेला नसतो. अडचण तिथंच आहे. आजी म्हणते, हे आपले देव. पुस्तक म्हणतं, हे देव म्हणजे तुमची नाती. दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल असली, तरी पहिल्या वाक्यावर माणूस नमस्कार करतो, दुसऱ्यावर टिपण काढतो.

वर्गात यावर बहुधा दोन उत्तरं निघतात. एक म्हणतं, मग देव खोटाच. दुसरं म्हणतं, मग पुस्तकच खोटं. पहिल्या उत्तराला विदर्भात पक्की परंपरा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ नागपुरातून १९८०च्या दशकात जोमाने पसरली. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कामासाठी आयुष्य वेचलं आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. अंगात आणून बायकांना मारहाण करणाऱ्या भोंदूला जाब विचारायला ही चळवळ हवीच. मात्र तिचा प्रश्न आणि समाजशास्त्राचा प्रश्न एक नाही. चळवळ विचारते, हा दावा खरा की खोटा? समाजशास्त्र विचारतं, हा दावा केल्याने इथल्या माणसांमध्ये काय घडतं? अंगाऱ्याने ताप उतरतो का, हा पहिला प्रश्न. मूल आजारी पडलं की मातामायपाशी कोण कोण गोळा होतं, कोण रात्रभर उशाशी बसतं, हा दुसरा.

एखादी गोष्ट माणसांनी घडवली आहे एवढ्याने ती खोटी ठरत नाही. झाडीबोली कोणी आकाशातून टाकली नाही. पिढ्यान्‌पिढ्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या पाळींवर बोलता बोलता लोकांनी ती घडवली. तरी जन्मलेल्या पोराला ती आधीपासून उभी असलेली सापडते. ती त्याला शब्द देते, आणि त्या शब्दांत तो विचार करू लागतो. माणसांनी घडवलेलं माणसांना घडवतं. धर्माचंही असंच असेल, तर तो खोटा कसा?

भाविक मात्र इथं थांबवून सांगेल की भाषेची तुलना पुरी पडत नाही. झाडीबोली बोलणारा माणूस झाडीबोलीपुढे रडत नाही. नवस बोलणारी बाई समाजाला उद्देशून बोलत नसते. ऐकणारी कोणीतरी पलीकडे आहे असं ती धरून चालते, आणि तेवढी एक गोष्ट काढून घेतली तर तिच्यापाशी काही उरत नाही. हा आक्षेप खरा आहे. त्याला बगल देऊन धर्माचं सामाजिक कार्य सांगणारी पाठ्यपुस्तकी उत्तरं म्हणूनच निर्जीव वाटतात.

अमेरिकेत शिकवणारा समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर या आक्षेपाशी प्रामाणिकपणे झगडला. तो स्वतः ल्यूथरपंथी ख्रिस्ती होता. १९६७ सालच्या पुस्तकात त्याने धर्म म्हणजे माणसांनी स्वतःच्या डोक्यावर उभारलेला पवित्र मांडव आहे, असं दाखवलं. वाचणाऱ्यांना ते नास्तिकाचं पुस्तक वाटलं. म्हणून १९६९ साली त्याने दुसरं पुस्तक लिहून खुलासा केला. समाजशास्त्र देवाचा प्रश्न अभ्यासापुरता बाजूला ठेवतं, त्याचा निकाल लावत नाही. गणित हेही माणसाच्या बुद्धीतूनच निघालं आहे, पण ते बाहेरच्या सृष्टीशी जुळतं. तसंच माणसाने उभारलेल्या देवकल्पनेला बाहेरून काही प्रतिसाद असेल की नाही, हे समाजशास्त्राच्या साधनांनी ठरत नाही. हो म्हणायला जागा उरते, नाही म्हणायलाही उरते.

मराठीत हीच तारेवरची कसरत इरावती कर्वे यांनी पायी चालून केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या या बाई पंढरीच्या वारीत सामील झाल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला. त्यात भक्तीची ओढ आहे, अभंगाच्या नादात विरघळून जाणं आहे, आणि त्याच पानांवर ब्राह्मण आणि मराठा वारकरी एका दिंडीत चालूनही वेगळे शिजवतात, वेगळ्या पंगतीत जेवतात, याची बोच आहे. त्या वारी सोडून गेल्या नाहीत आणि जे दिसलं ते लपवलंही नाही. समाजशास्त्र शिकलेली नजर एवढंच करते. टाळ-मृदंग तिला ऐकू येतात आणि चुली किती पेटल्या तेही ती मोजते.

भंडाऱ्यातल्या विद्यार्थ्याला खरा धक्का बसतो तो इथं. देव आहे की नाही हा प्रश्न माणूस आयुष्यभर लांबवू शकतो, चुली मोजण्याचा नाही.

दुर्खिमचं म्हणणं मान्य केलं, तर देवाला केलेला नमस्कार म्हणजे 'आपल्या' समूहाला केलेला नमस्कार. पण 'आपला' समूह म्हणजे कोण? मंडईत ढाल कोण नाचवतं आणि ओवाळणी कोण घालतं? दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असतं, तेव्हा गोवाऱ्यांचा मान असतो. उरलेलं वर्ष ते इतरांची गुरं राखत असतात. मातामायच्या पूजेची वर्गणी कोणत्या मोहल्ल्यातून घेतली जाते आणि कोणत्या मोहल्ल्यात कोणी मागायलाच जात नाही? पंढरपूरच्या विठोबाचं दार अस्पृश्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. तोवर त्या दाराच्या आतल्या आणि बाहेरच्या दोघांनाही तो देव सर्वांचाच आहे असं सांगितलं जात होतं.

मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६. नवरात्र सुरू होतं, घरोघरी घट बसलेले होते. तीन दिवसांनी दसरा होता, आणि त्या दसऱ्याला डॉ. आंबेडकरांच्या नागपूरच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. त्या संध्याकाळी गावातल्या जमावाने भोतमांगे या बौद्ध कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांना ठार मारलं. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले आणि २०१७ साली वारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लावला गेला नाही. गुन्ह्यामागे जात होती, हे न्यायालयाने सिद्ध मानलं नाही.

या जिल्ह्यात समाजशास्त्र शिकवणाऱ्याला खैरलांजी टाळून धर्म शिकवता येत नाही. एकत्र आलेल्या माणसांच्या अंगात संचारणारी, एकट्यादुकट्याला कधी जमणार नाही ते करवून घेणारी ती शक्ती मंडईत आणि वारीत दिसते, तशी त्या संध्याकाळीही दिसली. समूह हाच देवत्वाचा उगम असेल, तर समूह चुकतो तेव्हा त्याला थांबवायचं कोणी? दुर्खिमच्या धर्मविचारातली ही मोठी भेग आहे. स्वतःच्या हयातीतच त्याने राष्ट्र नावाच्या देवापुढे युरोपातल्या तरुणांचे बळी जाताना पाहिले. त्याचा मुलगा आंद्रे पहिल्या महायुद्धात गेला आणि १९१७ साली तो स्वतः गेला.

त्या भेगेवरचं सर्वात खोल उत्तर ज्याने दिलं, तो माणूस भंडाऱ्याला परका नाही. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. ही गोष्ट जिल्ह्यातल्या वयस्क माणसांना ठाऊक असते. बाबासाहेब समाजशास्त्राचेही विद्यार्थी होते, हे मात्र वर्गात बसलेल्या अनेकांना पहिल्यांदाच कळतं. ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्याससत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. गोल्डनवायझर हे टोटेमचे अभ्यासक आणि दुर्खिमच्या धर्मविषयक सिद्धांताचे जाणते टीकाकार. त्या निबंधात आंबेडकरांनी जातीचा गाभा जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत दाखवला आणि वरच्यांचं अनुकरण करत जात खाली कशी पसरत गेली ते मांडलं. एम. एन. श्रीनिवासांची संस्कृतीकरणाची, म्हणजे अशाच अनुकरणाची, कल्पना अभ्यासक्रमात येण्याआधी कितीतरी वर्षं ही मांडणी झालेली होती.

धर्म समाजातून उपजतो हे या माणसाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याने धर्म टाकून द्यायला हवा होता, असं तर्काला वाटतं. त्याने उलट केलं. १९३५ साली येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, वीस वर्षं धर्मांचा अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. भंडारा नागपूरपासून साठेक किलोमीटरवर. या जिल्ह्यातल्या गावागावांतून लोक तिकडे गेले होते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक युक्तिवाद आहे. नीती प्रत्येक समूहात असते. चोरांमध्येही असते, जातभाईंमध्येही असते. समूह आपल्या आतल्या नीतीला पवित्र मानतो आणि तिच्या जोरावर बाहेरच्याला हवं तसं वागवतो. म्हणून नुसती नीती पुरत नाही. ती पवित्र असली पाहिजे आणि तिचं पावित्र्य सर्वांसाठी सारखं असलं पाहिजे. धम्मात देवाची जागा नीती घेते, ती या अर्थाने. पवित्र म्हणजे समाज, हे दुर्खिमचं म्हणणं बाबासाहेबांच्या विचारात जणू गृहीतच आहे. त्यापुढे ते विचारतात, कोणता समाज? ज्याच्या कुंपणाबाहेर कोणी उभा आहे, त्याचं पावित्र्य मानायचं कशासाठी?

समाजशास्त्र शिकून श्रद्धा मरते, या समजाला भंडाऱ्यात हे सर्वात मोठं प्रत्युत्तर आहे. इथल्या हजारो घरांनी विचार करून, निवडून धर्म घेतला. तो माणसाने निवडला आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवसाची तारीख ठाऊक आहे, तिथं गेलेल्या आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याची गोष्ट ठाऊक आहे. तरी बुद्धवंदना म्हणताना हात तितकेच मनापासून जोडले जातात. शिवाय धर्मांतराला तेरा वर्षं होताहेत तोच, १९६९-७० साली, वैनगंगेकाठच्या पवनीत शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांनी उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखालून आणि चांडकापूरला प्राचीन स्तूप निघाले, कठड्याचे कोरीव खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली. नवा म्हणून घेतलेला धम्म याच मातीत दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता.

गोंडांचीही अशीच एक गोष्ट आहे. कचारगडची गुहा आज गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात येते. १ मे १९९९ रोजी जिल्हा विभागला जाईपर्यंत ती भंडाऱ्यातच होती. गोंडी पुराणकथा सांगते की या गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवलं आणि त्यांना कुळांची, देवांची व्यवस्था लावून दिली. माघ पौर्णिमेला इथं महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात. कथा जुनी आहे, यात्रेचं आजचं रूप मात्र १९८०च्या दशकानंतरचं. मोतीरावण कंगाली यांच्यासारखे भाषेचे आणि धर्माचे गोंड अभ्यासक त्यामागे होते. आपला समाज विस्कटतो आहे, त्याला एक जागा, एक दिवस, एक झेंडा हवा, हे ओळखून त्यांनी ते उभं केलं. ज्यांनी धर्माचा अभ्यास केला, त्यांनीच यात्रा भरवली. येणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्याने कमी झालेलं नाही.

मात्र जाणून निवडलेल्या धर्मालाही तेच प्रश्न विचारावे लागतात. विहारात स्त्रिया वंदनेपुरत्या असतात की समितीवरही असतात? बौद्धांतल्या पोटजातींत सोयरिकी होतात का? आदिवासींच्या जत्रेत गोवाऱ्यांना काय म्हणतात? गोवारी आदिवासी की नाही, या एका प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्च्याच्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यांना आदिवासी मानलं आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. समूहाची रेघ कुठं ओढायची, यावर इथं जीव गेलेले आहेत.

हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी वीस वर्षांच्या पोरांवर येते, आणि ती हलकी नाही. 'पूर्वीपासून असंच आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं बंद होतं. पूर्वीपासून म्हणजे कोणापासून, हे विचारायची सवय लागलेली असते. घरात कधीकधी भांडण होतं. आई म्हणते, शिकली म्हणून देवाला प्रश्न विचारायला लागली. देवाला तिने काही विचारलेलं नसतं, तिचे प्रश्न गावाला असतात. पण आईच्या लेखी ते दोन्ही एकच, आणि दुर्खिम ऐकत असता तर त्याने आईला दुजोरा दिला असता.

अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य असतं. आपल्याच गावातल्या एका सणाची नोंद करून आणायला सांगतात. समजा, लाखांदूरकडच्या एखाद्या मुलीने मातामायची पूजा निवडली. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहिलेले: पूजेचा दिवस कोण ठरवतं, ओटा कोण सारवतं, डफ कोण वाजवतं, पहिला मान कोणाचा. आई पुढे आरतीचं ताट घेऊन चालते आहे, मुलगी मागून. कडुनिंबाखाली पोचल्यावर ती वही पिशवीत ठेवते, हात जोडते, कुंकू लावून घेते. मग वही पुन्हा बाहेर काढून आलेल्या घरांची नावं लिहू लागते. यादी अर्ध्या पानाची होते. खाली ती आणखी एक प्रश्न लिहिते: पूजेला कोण आलं नाही? त्याचं उत्तर इथं ओट्यापाशी मिळणार नाही हे तिला कळतं. चप्पल घालून ती तलावाच्या पाळीवरून पलीकडच्या मोहल्ल्याकडे निघते. वर्गातली एक मैत्रीण तिथंच राहते, पण तिच्या घरी ती आजवर एकदाही गेलेली नाही.